माग काढणाऱ्यांचा मुलूख

तेरखेडा म्हटलं की लोकांना फटाके आठवतात. धुळे-सोलापूर महामार्गावरून जाणारे दिवाळीआधी इथं गाडी थांबवतात, पिशव्या भरून फटाके घेतात आणि पुढं निघतात. मागच्या बालाघाटाच्या माळांकडे फारसं कुणी बघत नाही. मला त्या माळांचं वेड शाळेपासून. तरसाची वाट, खोकडाचं बीळ, मोराची पिसं शोधत मी हिंडायचो. माझ्या वयाची पोरं रानात तगून राहण्याच्या युक्त्या मोबाइलवर बघतात. त्या विद्येचं जुनं घराणं आमच्याच भागातल्या पारधी पेढ्यांवर, म्हणजे पारध्यांच्या वस्त्यांवर आहे, हे कळलं तेव्हापासून मी तिचा इतिहास गोळा करतोय.

फासेपारध्यांची साधनं अगदी साधी. बारीक काड्यांना बांधलेले फास ओळीनं जमिनीत रोवायचे आणि जवळ पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवायचा. त्याची हाक ऐकून रानातला नर भांडायला धावून यायचा आणि फासात पाय अडकायचा. सशाहरणांसाठी वाघूर, म्हणजे मोठं जाळं. गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडोशानं हरणांच्या कळपापर्यंत सरकत जायचे.

या सगळ्याच्या मुळाशी माग. पेढीवरच्या एका आजोबांनी मला ओढ्याच्या वाळूत बसवून तो दाखवला. “कुत्रं इकडं-तिकडं हुंगत जातं, लांडगा सरळ रेघ धरतो.” तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा. बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत. ठशाची कड धारदार असेल तर जनावर नुकतंच गेलंय; ठशावर मुंग्यांची रांग लागली असेल तर घाई करण्यात अर्थ नाही. ही अक्षरओळख त्यांना पाच-सहा वर्षांच्या वयात झालेली.

अशा माणसांना इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा पुढं मुंबई इलाख्यातही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. ‘सेटलमेंट’ हे नाव तिथं अजून आहे. आमचं तेरखेडा तेव्हा निजामाच्या राज्यात, शेजारची बार्शी इंग्रजांकडे. पाखरांना ती सीमा ठाऊक नव्हती, पारध्यांना मात्र ती सोसावी लागली. १९५२मध्ये कायदा रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबली. ती थांबायलाच हवी होती. पण त्या हातांना दुसरं काम कुणी दिलं नाही, ही चूक मला आजही सलते.

रानाचं हे ज्ञान मोलाचं आहे, हे मारुती चितमपल्ली यांनी ओळखलं होतं. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस वनखात्यात राहिला आणि रानातल्या माणसांकडून ऐकलेलं आयुष्यभर टिपत गेला. पक्षिकोश, प्राणिकोश उभे राहिले ते त्या टिपणांवर. २०२५मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच जूनमध्ये ते गेले. अकोला-वाशीम भागात तर फासेपारध्यांनीच तणमोर शोधण्याचं आणि राखण्याचं काम हाती घेतलं. ज्या डोळ्यांनी पाखरू पकडलं, तेच डोळे त्याची राखण करू शकतात.

आमच्याकडेही अशा डोळ्यांची गरज आहे. १९९७मध्ये जाहीर झालेलं येडशी-रामलिंग घाट अभयारण्य जवळच आहे, आकारानं जेमतेम २२ चौरस किलोमीटर. डिसेंबर २०२४मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला. तो यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला. त्याला पकडायला आलेल्या पथकाला तो बरेच दिवस हुलकावणी देत राहिला.

वनखात्यानं या अभयारण्यात मागकाढे म्हणून पेढीवरची तरुण मुलं पगारावर घ्यावीत. आणि रानाचं वेड असलेल्या माझ्या वयाच्या मित्रांनो, आधी पेढीवर जा, तिथल्या आजोबांना नमस्कार करा आणि शिकवा म्हणून विनवा. ती पिढी आता थकली आहे.