राजाने दिलेला कारभार

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी ज्या औंधात सून म्हणून आले, त्या गावाविषयी सासूबाईंकडून व वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले, ते लिहिते.

डोंगरावरच्या यमाईमुळे आपले गाव सर्वांना ठाऊक आहे. पौषात यात्रा भरते, माहेरवाशिणी येतात, घरोघर पाहुणे असतात. डोंगराच्या वाटेवर १९३८ साली बांधलेले श्रीभवानी संग्रहालय आहे. तेथे राजा रविवर्म्याचीही चित्रे आहेत. हा ठेवा श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमविला. १९०९ साली ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा माळ दिला, तीच किर्लोस्करवाडी. राजेसाहेब स्वतः सूर्यनमस्कार घालीत व मुलांकडूनही घालवून घेत.

परंतु मला सर्वांत थोर वाटते ती गोष्ट निराळी. संस्थान लहान, अवघी बहात्तर गावे. १९३९ च्या जानेवारीत राजेसाहेबांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना अमलात आणली आणि कारभार रयतेच्या हाती दिला. गावोगाव पंचायती आल्या. भांडूनही कोणी सत्ता सोडीत नाही. येथे राजाने ती आपण होऊन दिली. पुढे १९४८ साली संस्थान विलीन झाले.

आता माझीच गोष्ट सांगते. एका ग्रामसभेला आम्ही चौघीजणी गेलो होतो. पाण्याचा विषय निघाला. आपला भाग दुष्काळी, आणि घागरीचे ओझे कोणाच्या डोक्यावर असते हे सांगायला नको. शब्द माझ्या जिभेवर आले होते. कोणी अडवले नव्हते. तरी पदर सावरून मी गप्प बसले. रात्री भाकरी थापताना ते मनाला फार लागले. १९९३ साली कायद्याने पंचायतीत स्त्रियांसाठी जागा राखल्या. २०११ साली महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. एवढे मिळूनही आम्ही आपल्या मागच्या सतरंजीवर! राजाने दिले, कायद्याने दिले. पण घ्यायला हात आपणच पुढे करावा लागतो.

म्हणून भगिनींनो, पुढच्या ग्रामसभेला आपण साऱ्याजणी मिळून जाऊ. पाण्याचे मी बोलेन. माझा आवाज कापला तर हसू नका, फक्त जवळ बसा. लिहिण्यात काही चुकले असेल तर पोटात घालावे.