प्रवेशअर्जातला एक रकाना

१९२२ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात काही नवे रकाने आले. वंश आणि वर्ण, धर्म, आईचे माहेरचे नाव, वडिलांचे जन्मस्थान. शिवाय एक प्रश्न: जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे का? असल्यास सविस्तर लिहा. उमेदवाराला लॅटिन किंवा गणित किती येते, हे यातल्या एकाही उत्तरावरून कळणार नव्हते. आडनाव बदललेला ज्यू मुलगा नजरेतून निसटू नये, यासाठी ही तजवीज होती. अमेरिकेच्या विद्यापीठांतला ज्यूद्वेष आणि त्याविरुद्धची चळवळ, दोन्हींचा माग या अर्जावरून काढता येतो.

ज्यूंना टक्केवारीत बांधण्याची रीत त्याआधीची. झारच्या रशियाने १८८७ मध्ये माध्यमिक शाळा आणि विद्यापीठांत त्यांच्यावर मर्यादा घातली. त्यांना राहण्याची मुभा असलेल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यात १० टक्के, त्याबाहेर ५ आणि मॉस्को-सेंट पीटर्सबर्गमध्ये ३. हंगेरीने १९२० मध्ये असाच कायदा केला. रशियातून निघालेली असंख्य ज्यू कुटुंबे अमेरिकेत आली, त्यांची मुले सरकारी शाळांत शिकली आणि प्रवेशपरीक्षांत चमकू लागली. हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थी १९०० च्या सुमारास ७ टक्के होते, १९२२ पर्यंत ते २१ टक्क्यांच्या पुढे गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने तोवर गाजावाजा न करता छायाचित्र, मुलाखत आणि धर्माची चौकशी सुरू करून ज्यूंचा आकडा खाली आणला होता.

हार्वर्डचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांनी मात्र १५ टक्क्यांची मर्यादा उघडपणे मांडली. ज्यूंची संख्या वाढली की त्यांच्याविषयीचा द्वेषही वाढतो, म्हणून संख्या आटोक्यात ठेवणे त्यांच्याच हिताचे, असा त्यांचा युक्तिवाद. रोग्यालाच रोगाचे कारण ठरवण्याचा हा प्रकार होता. बातमी फुटली आणि गदारोळ झाला. विद्यापीठाच्या नियामक मंडळावरचे पहिले ज्यू सदस्य न्यायाधीश ज्युलियन मॅक यांनी विरोध केला. ‘मेनोरा सोसायटी’ या ज्यू विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष हॅरी स्टार याने या प्रकरणावर लेख लिहून वाद चव्हाट्यावर मांडला. १९२३ मध्ये प्राध्यापकांच्या समितीने कोटा फेटाळला.

ही जीत अल्पायुषी ठरली. १९२६ मध्ये हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या जागा मर्यादित केल्या आणि गुणांच्या जोडीला ‘चारित्र्य’ व ‘व्यक्तिमत्त्व’ यांना वजन दिले. चारित्र्य मोजायचे कसे, हे प्रवेश देणारे ठरवणार. १९३३ मध्ये लॉवेल पायउतार झाले तेव्हा ज्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास होते. समितीने दारातून घालवलेला कोटा खिडकीतून आत आला होता. इतर विद्यापीठांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांतही हेच चालले. रिचर्ड फाइनमन यांना कोलंबियाने ज्यूंच्या कोट्यापायी प्रवेश नाकारला. ते एमआयटीत गेले आणि पुढे नोबेल विजेते झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. नाझींच्या छळछावण्या जगासमोर आल्या होत्या आणि सरकारी खर्चाने शिकणारे माजी सैनिक विद्यापीठांत दाखल होत होते. रब्बी स्टीफन वाइज यांच्या ‘अमेरिकन ज्यूइश काँग्रेस’ने कोलंबियाच्या वर्मावर बोट ठेवले: भेदभाव करणाऱ्या संस्थेला करसवलत का द्यावी? न्यायालयात यश आले नाही, पण प्रश्न सार्वजनिक झाला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्चशिक्षण आयोगाने कोट्यांचा निषेध केला. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने धर्म वा वंश पाहून प्रवेश नाकारण्याविरुद्ध कायदा केला, त्याचे संरक्षण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही मिळाले. त्याच वर्षी बोस्टनजवळ ब्रँडाइस विद्यापीठ उभे राहिले: ज्यू समाजाच्या पैशातून, सर्वांसाठी खुले.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण आणि मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. त्यात धर्म नव्हता. त्यामुळे विद्यापीठातल्या छळाची तक्रार ज्यू विद्यार्थ्याने कोणत्या कलमाखाली करायची, हा पेच राहिला. २००४ मध्ये शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागात असताना केनेथ मार्कस यांनी वंशपरंपरेच्या आधारे हे संरक्षण ज्यूंनाही लागू होते, अशी भूमिका घेतली. २०१० मध्ये ओबामा सरकारने तीच पुढे नेली. पूर्वजांची माहिती अर्जातून हटवायला झगडलेल्या समाजाला आता संरक्षणासाठी त्याच पूर्वजांचा आधार घ्यावा लागला.

२०१९ च्या ट्रम्प यांच्या आदेशाने अशा तक्रारींत ज्यूद्वेषाची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या विचारात घ्यायला सांगितले. तिच्या मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांत तिचा असा वापर करण्याला विरोध केला. इस्रायलवरील टीका दडपण्यासाठी ती हत्यार बनेल, अशी त्यांची भीती. व्याख्या नसेल तर छळाकडे काणाडोळा होतो, हे समर्थकांचे म्हणणे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर हा वाद अमेरिकी संसदेपर्यंत गेला आणि पेनसिल्व्हेनिया व हार्वर्डच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले.

१९२० च्या दशकातली छायाचित्रे आणि धर्माचे रकाने गेले, ‘व्यक्तिमत्त्वा’चे वजन मात्र टिकले. हार्वर्ड आशियाई वंशाच्या अर्जदारांना त्यातच कमी गुण देते, हा आरोप करणारा खटला २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मुलांचे अर्ज भरणाऱ्या तिथल्या मराठी पालकांनी हा इतिहास जाणून घ्यायला हवा.

शंभर वर्षांच्या या लढ्यात टिकाऊ यश मिळाले ते संस्थेच्या कृतीवर बोट ठेवल्यामुळे: कोणता रकाना, कोणता नियम, कोणाला डावलले. आजही ज्यू विद्यार्थ्याला धमकावले गेले, तर संस्थेने काय केले हाच पहिला प्रश्न असायला हवा. मतांची झडती घेण्यापेक्षा तो प्रश्न अधिक कठोर आहे आणि न्यायाचाही.