कॅप्चा
आंतरजालावरील नोंदणी-अर्ज माणूस भरीत आहे की संगणकाची आज्ञावली, हे ठरविणारी चाचणी. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राकडे आज्ञावलींनी आपोआप पाठविलेल्या पत्त्यांचा लोंढा येऊ लागला. तेव्हा आंद्रेई ब्रोडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेडीवाकडी अक्षरे वाचून टंकलिखित करण्याची अट घातली. माणसाला ती वाचता येत. तत्कालीन संगणकाला सहसा येत नसत. पुढे याहू कंपनीपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम, लुइस फॉन आन प्रभृतींनी या चाचणीला शास्त्रीय बैठक व सध्याचे नाव दिले. चाचणी भेदली गेलीच, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक कठीण प्रश्न सुटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. झालेही तसेच. २००३ मध्ये ग्रेग मोरी व जितेंद्र मलिक यांच्या आज्ञावलीने याहूने वापरलेला प्रकार ९२ टक्के वेळा अचूक वाचला.

दृष्टी हीच माणूसपणाची खूण मानल्याने अंध व्यक्तींना मात्र साधी नोंदणीही अशक्य झाली. ध्वनिरूप पर्याय आला. पण त्यात मुद्दाम मिसळलेल्या गोंगाटामुळे तो पुष्कळांना दुर्बोधच राहिला. याउलट, हजार चाचण्यांमागे सुमारे एक डॉलर अशा दराने त्या माणसांकडूनच सोडवून घेण्याचा धंदा २०१० पर्यंत भारतासह अनेक देशांत रुजला होता.