कॉम्प्युटरमधली 1 नंबरची खुर्ची

औंढा नागनाथजवळच्या लायगोसाठी केंद्रानं एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी मंजूर केले. जमीन आणि नोकऱ्यांवर आपण भरपूर बोलतो. पण अमेरिकेतल्या लायगोची नियंत्रण यंत्रणा लिनक्सवर चालते, त्यावर कोणी बोलत नाही.

लिनक्स उठतं कसं? बूटलोडर (पूर्वी लिलो, आता बहुतेक ग्रब) कर्नल मेमरीत आणतो, 'पहिला प्रोग्रॅम अमुक' असा निरोपही देऊ शकतो आणि बाजूला होतो. कर्नल मग तो पहिला प्रोग्रॅम, म्हणजे इनिट, सुरू करतो. त्याचा नंबर 1. बाकी सगळ्यांना तोच उठवतो.

भांडण झालं ते याच खुर्चीवरून! जुनं इनिट एकामागून एक स्क्रिप्ट चालवायचं. 2010 मध्ये सिस्टिमडी आलं, कामं एकदम सुरू करायला लागलं, हळूहळू बराच कारभारही हाती घेतला. फेब्रुवारी 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टिमडी जिंकलं. नाराजांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली.

आपल्या सी-डॅकची 'बॉस' डेबियनवरच बेतलेली. म्हणजे ते एक मत आपल्याही दारात आलं. वाद सगळा उघड्यावर चालला होता, कोणालाही वाचता येत होता. मराठवाड्यातून किती जण वाचत होते?