स्मृतिभ्रंशग्रस्त व कुटुंबीय यांचे आधारकार्य (मुंबई उपनगरे)

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेली व्यक्ती आणि तिला सांभाळणारे घर यांना रुग्णालयाबाहेर मिळणारी मदत. प्रस्तुत नोंद अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन लोकलमार्गांवरील वस्तीपुरती आहे. हा भाग १९९० मध्ये मुंबई शहरापासून वेगळा काढलेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. स्मृतिभ्रंश हे अनेक विकारांचे सामाईक नाव असून त्यांत अल्झायमर विकाराचे प्रमाण सर्वाधिक आहे.

व्याप्ती : मुंबईपुरती मोजणी एकदा नीट झाली. वास, पिंटो व सहकाऱ्यांनी चाळिशी ओलांडलेल्या २४,४८८ मुंबईकरांचे सर्वेक्षण करून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार पासष्टीपुढील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी ‘लासी-डॅड’ अभ्यासाने साठीपुढील लोकांत ते ७.४ टक्के (सुमारे ८८ लाख व्यक्ती) धरले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते जास्त आढळले. वयोगट आणि निदानाच्या कसोट्या वेगळ्या असल्याने या दोन आकड्यांची तुलना करून ‘तिप्पट वाढ’ काढणे चूक ठरते.

संस्था : अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया (एआरडीएसआय) ही संस्था १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली, तिची शाखा मुंबईत आहे. शीलू श्रीनिवासन यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या डिग्निटी फाउंडेशनची ‘चाय मस्ती’ केंद्रे उपनगरांतल्या एकट्यादुकट्या ज्येष्ठांसाठी आहेत. स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या निवासाची सोय मात्र फाउंडेशनच्या नेरळच्या वसाहतीत आहे. शैलेश मिश्रा यांच्या सिल्व्हर इनिंग्ज (२००८) या संस्थेचे ‘ए-वन स्नेहांजली’ हे निवासी केंद्र नालासोपाऱ्याजवळ राजोडीला आहे. दिवसभराच्या देखभालीपलीकडचे काही हवे असेल तर बोरिवलीकराला बहुधा दहिसरचा नाका ओलांडावा लागतो. जागांचे भाव पाहता यात नवल नाही. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी २००१ पासून काम करणाऱ्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे आधारगट मुंबईत ठिकठिकाणी भरतात. पार्किन्सनमध्ये पुढे स्मृतिभ्रंशही उद्भवू शकत असल्याने काही कुटुंबे या विषयाकडे त्या वाटेने येतात.

ज्येष्ठ नागरिक संघ : महाराष्ट्रातील संघांचा महासंघ ‘फेस्कॉम’ १९८० चा. उपनगरांत जवळजवळ प्रत्येक मराठी वस्तीत एखादा संघ आहे. वाढदिवस, व्याख्यान, सहल, कोजागरी असा वर्षाचा क्रम असतो. स्मरणशक्तीवरच्या व्याख्यानाला सभागृह भरते. ज्याची स्मृती खरोखर गेली आहे तो सभासद मात्र वर्गणी भरलेली असूनही हळूहळू येईनासा होतो. याला अपवाद आहेत.

घर व सोसायटी : पहिला आधार इमारतीतच मिळतो. वॉचमनच्या केबिनमध्ये आजोबांचा फोटो आणि मुलाचा मोबाइल नंबर चिकटवलेला असतो. लिफ्टमधून ते एकटे उतरले की इंटरकॉम वाजतो. दाराला आतून वरच्या बाजूला, नजरेच्या टप्प्याबाहेर, दुसरी कडी बसवतात. संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ सुरू झाले की वाद न घालता चपला घालून कंपाउंडला एक फेरी मारायची आणि त्याच दारातून परत यायचे, ही युक्ती घराघरांत आपापली शोधली गेली आहे.

या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का पुनर्विकासाने बसतो. घाटकोपरचे पंतनगर, अंधेरीचे डी. एन. नगर, बोरिवली-मुलुंडमधल्या जुन्या सोसायट्या येथील कुटुंबे इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या घरात जातात. चाळीस वर्षे रात्री उठून डावीकडे वळणारा माणूस नव्या घरातही डावीकडेच वळतो, आणि तिथे स्वयंपाकघराचा ओटा असतो. वाणी, वॉचमन, शेजारीण हे ओळखीचे चेहरे एकाच दिवशी जातात. विकासकाच्या करारात भाडे, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च यांची कलमे असतात. स्मृतिभ्रंशग्रस्त सभासदाला जुन्याच गल्लीत पर्यायी जागा द्यावी, असे कलम घालता येण्याजोगे असूनही फारसे कोणी मागत नाही.

सही, संमती व पालकत्व : मुंबईकर म्हाताऱ्याच्या नावावर बहुधा एकच मोठी मालमत्ता असते, राहता फ्लॅट. त्यामुळे औषधोपचाराइतकाच कागदांचा प्रश्न घरात लवकर उभा राहतो. राज्य शासनाच्या २०१९ च्या निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या ठरावाला निम्म्याहून अधिक सभासदांची संमती पुरते. पण पर्यायी जागेचा करार प्रत्येक फ्लॅटधारकाशी स्वतंत्र होतो, आणि तिथे त्याच व्यक्तीची सही लागते.

‘मुखत्यारपत्र करून ठेवले आहे’ हा सर्वसाधारण दिलासा कायद्यापुढे टिकत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की मुखत्यारी संपते. म्हणजे कागद ज्या दिवसासाठी केला त्याच दिवशी तो निकामी होतो. (इंग्लंडमध्ये यावर टिकाऊ मुखत्यारपत्राचा उपाय आहे, आपल्याकडे तशी तरतूद नाही.) मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ खाली जिल्हा न्यायालय अशा व्यक्तीच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत असे. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोविकाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशाभान या दोन्हींचा समावेश केला, उपचारांसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी आणि आगाऊ निर्देश यांची सोय केली, आणि मालमत्तेचे प्रकरण मात्र गाळले. पालक व पाल्य अधिनियम, १८९० अज्ञानांपुरता आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मध्ये स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता एवढेच येते. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मर्यादित पालकत्व आहे. त्याच्या अनुसूचीत पार्किन्सनचे नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे नाही. ‘मनोविकार’ या शीर्षाखाली तो बसतो की नाही, याबाबत मतभेद आहेत.

उरते ते उच्च न्यायालय. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी पालक नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे आखली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली अशाच रुग्णाच्या पत्नीला पालक नेमले. स्मृतिभ्रंशाची प्रकरणेही त्यानंतर या वाटेने गेली आहेत. वैद्यकीय अहवाल, इतर वारसांची संमती आणि नंतरची देखरेख हा अशा आदेशांचा साधारण साचा असतो. भावंडांत एकवाक्यता असेल तर वाट चालता येते; नसेल तर ती लांबते. बँकेतला अडथळा त्या मानाने लहान, पण रोजचा. सही जुळेना झाल्यावर अंगठा आणि साक्षीदार यांची जी सोय रिझर्व्ह बँकेने वृद्ध व आजारी खातेदारांना दिली आहे, ती शरीराने असमर्थ पण समज शाबूत असलेल्यांसाठी आहे, हे काउंटरवर गेल्यावर कळते.

निदान सुरुवातीच्या टप्प्यात झाले तर बरेच काही करता येते : संयुक्त खाते, नामांकन, डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र. राहते घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (इतर आकार वेगळे). म्हणून बक्षीसपत्राची घाई फार होते. सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घेतली असेल आणि ती मोडली गेली, तर ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली हस्तांतरण रद्द करून मागता येते. अट लिहून घेण्याचे सहसा राहून जाते.

आया व ब्युरो : पगारी सांभाळ ब्युरोमार्फत मिळतो, बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीने. बाईला ‘मावशी’ आणि पुरुषाला ‘ब्रदर’ म्हणतात. पुष्कळ मावश्या विरार, नालासोपारा, दिवा, टिटवाळा येथून येतात. मुसळधार पावसात लोकल थांबली की बदली येत नाही आणि रात्रपाळीवालीला सकाळ झाली तरी निघता येत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल सामान्य प्रवाशांना बंद झाली ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत. त्या काळात अनेक घरांत सांभाळाचे सगळे काम सुनांवर आणि मुलींवर आले, आणि आधारगटांच्या बैठका मोबाइलच्या पडद्यावर गेल्या. अलीकडची भाषा विसरून माणूस बालपणीच्या बोलीवर येतो, तेव्हा घाटकोपरच्या कच्छी आजी आणि झारखंडची मावशी यांच्यात बोलण्यापेक्षा हातवारेच जास्त चालतात.

हरवणे : पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद करणे हा रूढ मार्ग. २०२३ मध्ये अक्षय रिडलान या मुंबईच्या तरुण अभियंत्याने विमानतळाच्या टर्मिनल एकबाहेरील २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे पट्टे बांधले. त्याच वर्षी ‘प्रोजेक्ट चेतना’ या नावाने तशाच कोडचे लॉकेट स्मृतिभ्रंशग्रस्त आणि मतिमंद व्यक्तींसाठी निघाले. सापडलेल्या व्यक्तीचे लॉकेट कोणीही मोबाइलने स्कॅन केले की घरचा नंबर दिसतो. लॉकेट काढून टाकणाऱ्यांसाठी सदऱ्याच्या आतल्या बाजूला नाव-नंबर शिवण्याची जुनी पद्धत चालू आहे.

मुलुंड : मुलुंडकरांना ठाण्यातील इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (१९९०) ही मानसिक आरोग्याची संस्था जवळ पडते.

चित्रपट : सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. हत्तीमागे गेलेल्या या वृद्धाला आश्रय देणाऱ्या माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट पुण्यातला आहे.

दिनविशेष व दूरध्वनी : जागतिक अल्झायमर दिन २१ सप्टेंबर (१९९४ पासून). ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७.