फटफटी, बुलेट आणि राजदूत ३५० : पहिल्या मोठ्या गाडीच्या निवडीचा इतिहास

मराठीत मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. शब्द उघडच ध्वन्यनुकारी आहे, आणि ज्या ध्वनीचे तो अनुकरण करतो तो एका सिलिंडरच्या संथ इंजिनाचा आहे. दोन ठोक्यांमधले अंतर कानाला मोजता यावे, असा तो आवाज. १९८३ साली भारतीय बाजारात आलेल्या राजदूत ३५० ला मात्र हा शब्द लावता येत नाही. तिचे टू-स्ट्रोक इंजिन दोन सिलिंडरचे. त्याचा आवाज तुटक येत नसे; वेगाबरोबर तो ताणल्यासारखा वर चढत जाई. ही गाडी आली तेव्हा आपल्या भाषेत तिच्या आवाजाला शब्द नव्हता, आपल्या रस्त्यांवर तिच्या वेगाची सवय नव्हती, आणि आपल्या कायद्याला तर तिचे वेगळेपण दिसतच नव्हते. यांतली तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याचविषयी सर्वांत कमी लिहिले गेले आहे.

थोडी पार्श्वभूमी पाहू. परवाना-राज्याच्या काळात मध्यमवर्गीय घरातली दुचाकी म्हणजे प्रामुख्याने स्कूटर. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या बजाजच्या चेतकसाठी लोक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्यांना तीही परवडत नसे त्यांच्यासाठी १९७२ पासून लूना होती. मोटारसायकलींत निवड मोजकीच. मद्रासची एनफिल्ड बुलेट, म्हैसूरची येझदी आणि एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसीची राजदूत. ही राजदूत विशेषतः ग्रामीण भागात आणि दूधवाल्यांत रुजलेली. ‘बॉबी’ (१९७३) चित्रपटामुळे तिची एक छोटी बहीण तरुणांत गाजली आणि तिला नावही ‘बॉबी’च पडले, पण ती दिसायला नखरेल असली तरी ताकदीने बेताचीच होती. ३५० सीसीची बुलेट सुमारे अठरा अश्वशक्तीची. त्या काळी ‘मोठी गाडी’ या शब्दांचा अर्थ बुलेट एवढाच होता, आणि त्या मोठेपणात वजन, भारदस्तपणा आणि बसणाऱ्याची प्रतिष्ठा या गोष्टी वेगापेक्षा अधिक होत्या.

अशा वातावरणात एस्कॉर्ट्सने जपानच्या यामाहा कंपनीच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती काढली. मूळ गाडी १९७३ ची. बाहेरच्या बाजारात १९७६ मध्येच तिची जागा आरडी ४०० ने घेतली होती, म्हणजे आपल्याकडे ती आली तेव्हा तिच्या जन्मदेशात ती इतिहासजमा झाली होती. इथल्या रस्त्यांना आणि खिशांना मानवेल अशा बेताने तिची ताकद कमी करण्यात आली. मूळची एकोणचाळीस अश्वशक्ती साडेतीसवर आली. तरीही बुलेटच्या तुलनेत ती दीडपटीहून अधिक आणि चेतकच्या चौपट होती. इंजिन ३४७ सीसीचे, गियर सहा. हे सगळे ठीक. पण मूळ गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, तो भारतीय गाडीत ड्रम ब्रेक झाला. वेग बव्हंशी राखला गेला आणि थांबण्याची शक्ती मात्र जुन्या इयत्तेत ढकलली गेली. या गाडीच्या दंतकथेत इंजिनाचे गोडवे सर्वत्र आढळतात. ब्रेकची गोष्ट कशीबशी एका वाक्यात उरकली जाते.

या इंजिनाचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. बुलेटचे इंजिन कमी फेऱ्यांवरही ओढते. मूठ पिरगाळली की तितक्या प्रमाणात गाडी पुढे जाते. राजदूत ३५० मध्ये खालच्या फेऱ्यांवर गाडी सभ्य वाटे, आणि एका मर्यादेनंतर सगळी ताकद एकदम हाती येई. नवख्या माणसाच्या मनगटाला या दोन अवस्थांमधला सांधा ठाऊक नसे. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन मूठ सोडल्यावर गाडीला फारसे आवरत नाही. बोरघाट किंवा कात्रजचा घाट उतरताना फोर-स्ट्रोक बुलेट खालच्या गियरमध्ये स्वतःच रेटा धरते. इथे तो भार ब्रेकवर येई, आणि ब्रेक तर ड्रमचा.

त्यात पायांची अडचण. त्या काळच्या बुलेटचा गियर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असे. राजदूत ३५० मध्ये नेमके उलट. वडिलांची किंवा काकांची बुलेट चालवून तयार झालेला तरुण या गाडीवर बसला, की संकटाच्या क्षणी त्याचा पाय सवयीने चुकीच्या जागी जाण्याची शक्यता होती. येझदीवाल्याला हा त्रास नव्हता. पण येझदीची ताकद पुन्हा निम्मीच.

मग ही पायरी चढण्याची व्यवस्था कोणी केली? इतर देशांकडे पाहिले तर फरक स्पष्ट होतो. ब्रिटनमध्ये शिकाऊ चालकाला १९६० च्या दशकाच्या आरंभापासून २५० सीसीची मर्यादा होती. १९८३ मध्ये, म्हणजे आपल्याकडे राजदूत ३५० आली त्याच वर्षी, ती १२५ वर आणण्यात आली. जपानने १९७५ मध्ये ४०० सीसीच्या वरच्या गाड्यांसाठी वेगळी आणि अवघड परीक्षा ठेवली. ज्या देशाने आपल्याला ही गाडी दिली त्याने स्वतःच्या तरुणांसाठी जिना बांधला होता. आपण गाडी घेतली, जिना घेतला नाही. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीच्या परवान्याचे भेद दोनच : गियरची आणि बिनगियरची. सोळा वर्षांच्या मुलाला ५० सीसीपर्यंतची मुभा आहे, पण अठरा पूर्ण झाली की शंभर सीसी आणि हजार सीसी कायद्याच्या दृष्टीने एकच. मैदानात आठचा आकडा काढून दाखवला की झाले. अशा स्थितीत पहिली मोठी गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न पूर्णपणे घेणाऱ्याच्या उत्साहावर आणि घरातल्यांच्या खिशावर सोडला जातो.

बाजाराने मात्र आपल्या पद्धतीने निकाल दिला. मराठी माणूस गाडीविषयी पहिला प्रश्न विचारतो तो ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा. (या इंग्रजी शब्दाचा हा अर्थ इंग्रजांनाही कळणार नाही, शब्दार्थबदल शिकवताना हे उदाहरण विद्यार्थ्यांना हमखास आवडते.) या प्रश्नापुढे राजदूत ३५० नापास झाली. कंपनीने पेट्रोल कमी पिणारी सत्तावीस अश्वशक्तीची आवृत्ती काढून पाहिली, पण सुटे भाग महाग आणि जोड-सिलिंडरच्या इंजिनाला हात घालणारे मेकॅनिक मोजके. १९८५ मध्ये एकीकडे काटकसरी फोर-स्ट्रोक हिरो होंडा आली, आणि दुसरीकडे एस्कॉर्ट्सनेच यामाहाबरोबर ९८ सीसीची आरएक्स १०० आणली. अकरा अश्वशक्तीची ही हलकी, चपळ गाडी म्हणजे खरे तर मधली पायरी होती. ती नियोजनाने न येता अपघाताने, आणि मोठ्या गाडीनंतर आली, इतकेच. दशक संपता संपता राजदूत ३५० चे उत्पादन थांबले.

त्यानंतर तिची आख्यायिका झाली. ‘आरडी’ या अक्षरांचा ‘रॅपिड डेथ’ असा विस्तार लोकांनी केला आणि तो आजही कौतुकाने सांगितला जातो. आमचा आक्षेप या कौतुकाला आहे. यंत्राला मृत्यूचे नाव दिले की चालवणारा वीर ठरतो, मरणारा हुतात्मा ठरतो, आणि ब्रेक कोणी बदलला, परीक्षा कोणी घेतली नाही, हे प्रश्न गळून पडतात. लोकसाहित्यात दैवाची जी भूमिका असते ती इथे इंजिनाला मिळाली आहे.

आजची परिस्थिती अर्धीच वेगळी आहे. चाकणला तयार होणारी ३९० ड्यूक २०१३ मध्ये आली तेव्हा तिची ताकद त्रेचाळीस अश्वशक्ती, म्हणजे मूळ जपानी आरडीहूनही अधिक होती, आणि तिचा ग्राहक बहुतांशी पहिल्या-दुसऱ्या नोकरीतला किंवा थेट महाविद्यालयातला. फरक असा की तिला दोन्ही चाकांना डिस्क आणि चाके जखडू न देणारी एबीएस यंत्रणा होती. २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले. यंत्र सुधारले ते कायद्याच्या रेट्यानेही, हे मान्य केले पाहिजे. चालकाच्या शिक्षणाला मात्र त्या कायद्याने हात लावलेला नाही. युरोपात हीच ३९० मधल्या पायरीच्या परवान्यात बसते. आपल्याकडे ती पहिली, मधली आणि शेवटची अशी कोणतीही असू शकते. महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाला हा विषय यंत्रशास्त्राचा वाटत नाही. हजेरीपटावरचे एखादे नाव वर्षाच्या मध्येच का थांबले, हे त्याला ठाऊक असते.

राजदूत ३५० आता संग्राहकांची गाडी झाली आहे. जुन्या गाड्या शोधून, इंजिन पुन्हा बांधून त्या रस्त्यावर आणल्या जातात. त्यांतले अनेक मालक इंजिनाच्या मूळ स्वरूपाबद्दल कमालीचे आग्रही असतात, आणि तरीही पुढच्या चाकाचा ड्रम काढून तिथे डिस्क बसवून घेतात.