अ इ उ ए ओ : जपानी कोशाच्या क्रमाची कुळकथा

जपानी शब्दकोश ज्या क्रमाने लावतात तो क्रम एकदा मोठ्याने म्हणून पाहा. अ इ उ ए ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. पहिलीत वर्णमाला घोकलेल्या माणसाचे कान इथे टवकारायलाच हवेत. ऱ्हस्व-दीर्घ एक केले आणि ऋ, ऐ, औ गाळले की स्वर आपलेच. क पुढे, य र व मागे. त नंतर न का, तर तो तवर्गाचा अनुनासिक. म तिथे का, तर तो पवर्गाचा. अडतात फक्त दोन अक्षरं: च असायला हवा तिथे स बसलाय, आणि प च्या जागी ह. माझं सगळं म्हणणं या दोन अडेलतट्टूंवर उभं आहे.

या तक्त्याला जपानीत गोजूओन म्हणतात, म्हणजे पन्नास ध्वनी. वाट सगळ्यांना माहीत असलेलीच: बौद्ध मंत्र सिद्धम् लिपीत भारतातून चीनला गेले, तिथून जपानला. कूकाई 804 मध्ये चीनला गेला, प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकला आणि 806 मध्ये परतला. मंत्र चुकीचा उच्चारला तर फळ नाही, म्हणून मठांत उच्चारांचा अभ्यास सुरू झाला. त्याआधी 736 मध्ये बोधिसेन हा भारतीय भिक्षू जपानला पोचला होता; 752 मध्ये तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे त्याच्या हातून उघडले गेले. तक्ताही त्यानेच दिला असं म्हणायची जीभ शिवशिवते. पण पुरावा काहीच नाही, तेव्हा त्याला इथेच नमस्कार.

आता च. मराठी माणसाच्या तोंडात दोन च आहेत, एक ‘चंद्र’मधला आणि एक ‘चूल’मधला. चूल म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि आवाज त् आणि स् यांच्या मधोमध निघतो. हिंदीभाषक इथे गडबडतो, आपण नाही. जुन्या जपानीतला ‘स’ बहुधा याच जातीचा होता. साक्षीदार आहे एन्निन. हा भिक्षू 838 ते 847 चीनमध्ये होता, आणि संस्कृत ‘च’ कसा म्हणायचा हे सांगताना त्याने दाखला दिला तो आपल्या मायदेशातल्या ‘सा’चा. त्याच्या कानाला च आणि सा शेजारी वाटत होते! तर मग तक्त्यात च च्या घरात स राहायला आला यात नवल कसलं? घर त्याचंच होतं. पुढे उच्चार घासत गेला आणि पाटी तेवढी जुनी राहिली.

प ची गोष्ट आणखी सोपी. जपानी लिपीत क ला दोन टिंबं दिली की ग होतो, त ला दिली की द. ह ला दिली तर? ब! घोष ब चा अघोष जोडीदार ह कसा असेल, तो प च असणार. उएदा काझुतोशी या भाषातज्ज्ञाने 1898 मध्ये हे ठासून मांडलं. मात्र एन्निनच इथे थोडा पाय ओढतो. संस्कृत प साठी जपानी अक्षर देऊन तो वर सांगतो की ओठांचा जोर वाढवा. म्हणजे त्याच्या काळीच प सैलावून फुंकरीसारखा झाला असावा. मला त्याची अडचण वाटत नाही. सैल असला तरी ओठांचाच होता ना, मग पवर्गात बसवणारा चुकला कुठे?

विरोधी पक्ष म्हणतो, हे सगळं चिनी आहे. चिनी अक्षराचा उच्चार सांगायला दोन अक्षरं वापरत: पहिल्याचं व्यंजन घ्या, दुसऱ्याचा उरलेला भाग घ्या, जोडा. जपानीत हे करायचं तर एका रांगेत समान व्यंजन आणि रांगांना छेदणाऱ्या ओळीत समान स्वर असा तक्ता हाताशी हवा. युक्तिवाद वजनदार आहे. म्योगाकू या भिक्षूच्या 1093 च्या पुस्तकाचं नावच या जोडणीच्या रीतीवर आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, सगळ्यात जुन्या तक्त्यात तर स्वर इ ओ अ ए उ असे आहेत. अ आणि न च्या रांगाच नाहीत. यात भारत कुठे दिसतो? नाहीच दिसत. पण म्योगाकूचाच क्रम बघा: अ क य, मग स त न र, मग ह म व. आधी कंठ, मग जीभ, मग ओठ. हे आपल्या शिक्षाशास्त्राचं स्थान-विवेचन आहे. माझा निकाल असा: गरज चिनी, मांडणी भारतीय.

पुढचं थोडक्यात. मध्ययुगात ओ आणि वो यांची अदलाबदल झाली होती, ती मोतोओरी नोरिनागा या पंडिताने 1776 मध्ये निस्तरली. तरी लोक ‘इरोहा’ नावाच्या जुन्या कवितेतला अक्षरक्रमच वापरत राहिले. ओत्सुकी फुमिहिकोने 1889 ते 1891 मध्ये ‘गेनकाई’ कोश या तक्त्याच्या क्रमाने छापला, तेव्हा विचारवंत फुकुझावा युकिचीने नाक मुरडल्याचा किस्सा सांगतात: नाटकघरातले चपलांचे बिल्लेसुद्धा इरोहाने लावतात! बिल्ले हरले, तक्ता जिंकला.

जपानी शिकणाऱ्यांनी म्हणून हा क्रम वेगळा घोकू नये. कोशात शब्द शोधताना आपली वर्णमालाच म्हणत जा, च ला स म्हणा, प ला ह म्हणा. आणि ग, द, ब शोधायचे तर क, त, ह च्या पानांत बघा.